समाजस्वास्थ्यकार कै. रघुनाथ धोंडो कर्वे

ज्यांचे नाव वडीलधाऱ्या मंडळींसमोर उच्चारण्यास एके काळी घरोघरी संकोच वाटत असे, अशा एका पुरुषाचे अल्पचरित्र आम्ही यंदाच्या स्मरणिकेत सादर करीत आहोत. स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रे छापावयाची ती तरुण पिढीपुढे आदर्श असावेत म्हणून, हे खरेच. परंतु ज्या थोरांस हयातीत हारतुरे मिळाले त्यांचीच चरित्रे लिहावयाची, व ज्यांस केवळ उपहास व दंड मिळाला त्यांची सोडून द्यावयाची, हा न्याय आम्हांस मान्य नाही. कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे या दुसऱ्या वर्गातील होते. महर्षी कर्वे यांचे नाव माहीत नाही असे मराठी घर विरळा. पण महर्षींच्या या ज्येष्ठ चिरंजिवाने काय केले असे विचारल्यास पुष्कळांस संततिनियमन या एका शब्दापलीकडे काही सांगता येत नाही. त्या एका शब्दामागे केवढे आयुष्य खर्ची पडले आणि ज्या गोष्टीसाठी ते पडले तिचे पुढे काय झाले, हे कुटुंबातील लहानथोरांनी एकत्र बसून वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड या गावी झाला. वडील धोंडो केशव व आई राधाबाई. घरची स्थिती बेताची. नवव्या वर्षी, १८९१ साली, मातृछत्र हरपले. त्याच वर्षी वडील पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे दोन वर्षांनी, १८९३ साली, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. हे वर्तमान मुरुडास पोहोचताच ज्ञातिबांधवांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. आपल्याच गावात आपल्याच घरच्या माणसांना अस्पर्श्यासारखे वागविले जात आहे, हा अनुभव अकरा वर्षांच्या मुलाच्या मनावर काय संस्कार करून गेला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. लोकनिंदेस भिऊन योग्य गोष्ट सोडावयाची नसते, हा धडा त्या मुलास शाळेत जाऊन शिकावा लागला नाही.

विद्यार्थिदशेत रघुनाथराव अत्यंत बुद्धिमान म्हणून गाजले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेस बसले व त्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली ते पदवीधर झाले. वडिलांप्रमाणे त्यांनीही गणित हाच विषय पतकरला आणि सरकारी कॉलेजांतून तो शिकविला. पुढे फ्रान्सला जाऊन त्यांनी पॅरिस येथे गणिताचा अधिक अभ्यास केला. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम अवगत होती. परत आल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. विद्वत्ता होती, पगार होता, प्रतिष्ठा होती; अशा स्थितीतला मनुष्य सामान्यतः बंगला बांधतो व सुखाने निवृत्तीची वाट पाहतो. रघुनाथरावांनी मात्र १९२१ साली, आपल्या वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले.

याच वर्षाच्या मार्च महिन्यात लंडन शहरी डॉ. मेरी स्टोप्स या विदुषीने इंग्लंडातील असे पहिले केंद्र स्थापन केले होते. म्हणजे ज्या बाबतीत साऱ्या जगाने आपल्याला मागासलेले समजावे अशी आमची त्या काळची अवस्था, त्या बाबतीत मुंबई लंडनच्या जोडीने उभी राहिली, आणि ती एका मराठी प्राध्यापकाच्या पदरमोडीवर. याउलट ज्या फ्रान्स देशातून ते शिकून आले, त्या देशाने १९२० साली कायदा करून गर्भनिरोधाचा प्रचार हा गुन्हा ठरविला होता, आणि तो कायदा १९६७ सालापर्यंत टिकला. तेव्हा हा विषय पूर्व आणि पश्चिम असा नव्हता. नव्या विचारास विरोध करण्यात सारे देश सारखेच हुशार असतात, हे यावरून दिसून येईल.

त्या काळच्या मध्यम स्थितीतील घरांची अवस्था आजच्या तरुणांस सांगूनही पटणार नाही. चाळीतल्या दोन खोल्या, एक मिळवता पुरुष, आणि वर्ष-दीड वर्षाने हलणारा पाळणा. आठवे-नववे बाळंतपण ही काही नवलाची गोष्ट नव्हती. त्यांतली किती मुले जगत व किती जात याचा हिशेब घरातल्या आजीस तोंडपाठ असे. बाईस पांडुरोग होई, अंगात ताकद राहत नसे, तरी पुन्हा दिवस जात. आणि एखाद्या बाळंतपणात ती दगावली म्हणजे वर्षाच्या आत दुसरी बायको घरात येई. या दुःखास लोक दैव म्हणत. रघुनाथरावांनी ते दैव मानले नाही. गणिताच्या माणसास ज्या प्रश्नाचे उत्तर निघू शकते तो प्रश्न न सोडविता ठेवणे रुचत नाही. रबराची टोपी, पुरुषाने वापरावयाचे रबरी आवरण, विरघळणाऱ्या गोळ्या, मलमे इत्यादी साधने त्या वेळी युरोपात उपलब्ध होती. त्यांची माहिती साध्या मराठीत द्यावी, ती साधने मिळवून द्यावी, कशी वापरावी हे समजावून सांगावे, असा त्यांनी निश्चय केला. या कामात त्यांच्या पत्नी मालतीबाई यांची त्यांना पूर्ण साथ होती. उभयतांनी विचारपूर्वक आपल्याला मूल होऊ दिले नाही. जे इतरांस सांगावयाचे ते प्रथम आपण आचरावयाचे, असा त्यांचा बाणा होता. निपुत्रिक स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस मालतीबाईंच्या या साथीचे मोल वेगळे सांगावयास नको. त्या पतीच्या आधीच निवर्तल्या.

१९२३ साली त्यांनी संततिनियमनावरील आपले मराठी पुस्तक प्रसिद्ध केले आणि येथून विरोधास धार आली. विल्सन कॉलेज हे मिशनरी मंडळींचे. तेथील चालकांनी अध्यापक राहावयाचे असेल तर हा उद्योग सोडावा, असा आग्रह धरला. रघुनाथरावांनी १९२५ साली नोकरी सोडली. उद्योग सोडला नाही. यापुढे त्यांना निश्चित उत्पन्न असे राहिले नाही. पुस्तके व साधने यांच्या विक्रीवर आणि मिळेल त्या कामावर संसार चालला. धर्माभिमानी हिंदू त्यांना पाखंडी म्हणत, मिशनरी त्यांना अनीतिमान म्हणत, आणि सुधारक म्हणविणारेही चारचौघांत त्यांची ओळख दाखवीत नसत. ज्या बाबतीत कोणाचे एकमत होत नसे त्या साऱ्यांचे रघुनाथरावांस दूर ठेवण्याच्या बाबतीत मात्र एकमत झाले.

१९२७ सालच्या जुलै महिन्यात त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. व्यक्तीचे व समाजाचे शारीरिक आणि मानसिक आरोग्य, विशेषतः कामविषयक आरोग्य, हा त्याचा विषय. हे मासिक त्यांनी २६ वर्षे अखंड चालविले. लेखन, संपादन, हिशेब, टपाल, बहुतेक सारे एकहाती. मासिकाचा आत्मा म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. ज्या शंका कोणी आईस विचारीत नसे, वैद्यास विचारीत नसे, मित्रास विचारावयासही लाजे, त्या शंका दूरदूरच्या गावांतून लोक पत्राने त्यांच्याकडे पाठवीत, आणि रघुनाथराव त्यांना आडपडदा न ठेवता, पण वैद्यकशास्त्रास धरून, उत्तर देत. आज सरकारी रुग्णालयात समुपदेशक नावाचा जो एक कर्मचारी असतो, त्याचे काम हा गृहस्थ तेव्हा एका मासिकाच्या द्वारे करीत होता.

या कामाबद्दल त्यांस बक्षीस मिळाले ते न्यायालयात. मासिकातील एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला व १९३१ साली त्यांना शंभर रुपये दंड झाला. पुढे वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला. या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक विषयावर कोणी लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोक जे प्रश्न विचारतात त्यांस ज्ञानाने उत्तर देणे हाच विकृतीवर उपाय आहे, अशी डॉक्टरांच्या युक्तिवादाची दिशा होती. १९३४ साली निकाल लागला. तो विरुद्ध गेला व दोनशे रुपये दंड झाला. परंतु त्या काळी दलित समाजाचे नेतृत्व करणारा हा महापुरुष, आपल्या खांद्यावर आधीच पर्वताएवढे काम असता, एका एकाकी संपादकाच्या पाठीशी उभा राहिला, ही गोष्ट मराठी समाजाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवण्यासारखी आहे. त्याच १९३४ साली रघुनाथरावांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. दंडाने ते वाकले नाहीत.

आता रघुनाथरावांच्या विचाराचे मर्म काय ते पाहू. कारण ते नीट न कळल्यामुळेच पुढील पुष्कळसे अनर्थ झाले असे आम्हांस वाटते. संततिनियमनाचा पुरस्कार त्या काळी इतरही काही जण करीत होते. त्यांतले पुष्कळ जण देशाची लोकसंख्या, अन्नाचा तुटवडा, राष्ट्राचे बळ यांची चर्चा करीत. रघुनाथरावांसही हे प्रश्न ठाऊक होते. पण त्यांचा आरंभ राष्ट्रापासून होत नसे, एका स्त्रीपासून होत असे. आपल्याला मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. आणि तो अधिकार बजावण्यासाठी लागणारे ज्ञान व साधन तिच्या हाती असले पाहिजे. पतिपत्नींतील सुख हे पाप नव्हे व त्यात स्त्रीचा वाटा पुरुषाइतकाच आहे, हेही ते स्पष्ट सांगत. महात्मा गांधींनी साधनांऐवजी संयम सुचविला. १९३५ सालच्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन महात्माजींस भेटल्या, तरी महात्माजींचे मत बदलले नाही. रघुनाथरावांस हा संयमाचा उपदेश सर्वथैव अव्यवहार्य वाटे. ज्या घरात नको म्हणण्याचा अधिकार पत्नीस नाही त्या घरात संयमाचा उपदेश कोणास करावयाचा, हा आक्षेप आजही तितकाच बिनतोड आहे.

व्यक्तीने केलेले काम सरकारने हाती घेतल्याशिवाय ते गरिबापर्यंत पोहोचत नाही, हेही खरे. या दिशेने पहिले पाऊल टाकण्याचा मान म्हैसूर संस्थानाकडे जातो. १९३० साली त्या संस्थानाच्या सरकारने आपल्या रुग्णालयांतून संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यात १९३८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने, त्यांच्या पक्षाचे श्री. रोहम यांनी विधानसभेत ठराव मांडला. संततिनियमनाचा प्रचार सरकारने करावा व त्याची साधने लोकांस उपलब्ध करून द्यावी, असा त्याचा आशय होता. तो ठराव मोठ्या बहुमताने फेटाळण्यात आला. त्याच वर्षी पुण्यात, रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी रघुनाथरावांच्या मार्गदर्शनाने संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पुढे विधानपरिषदेत व राज्यसभेतही त्या सदस्य होत्या आणि या विषयाचा पाठपुरावा त्यांनी जन्मभर केला. रघुनाथरावांस औरस संतती नव्हती. विचाराची वारस मात्र त्यांना अशी मिळाली.

१९४९ साली मुंबईत श्रीमती धन्वंती रामा राव व श्रीमती आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. १९५२ सालच्या नोव्हेंबरात मुंबईतच या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी भारत सरकारने पहिल्या पंचवार्षिक योजनेत ६५ लाख रुपये राखून कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम अंगीकारला. असा कार्यक्रम सरकारी धोरण म्हणून स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश होय. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी एका प्राध्यापकाने नोकरी गमावली, ती गोष्ट आता राष्ट्राचे धोरण झाली. यानंतर वर्षभरातच, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथरावांचे निधन झाले. त्यांचे वय ७१ वर्षांचे होते. पंचाण्णव वर्षांच्या वृद्ध पित्यास ज्येष्ठ पुत्राचा वियोग सोसावा लागला. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडले. पाच वर्षांनी पित्यास भारतरत्न हा किताब मिळाला. पुत्राच्या वाट्यास कसलाही किताब आला नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता.

येथे चरित्र संपते असे वाटेल. पण ज्याने बी पेरले त्याची कथा पीक पाहिल्याशिवाय पुरी होत नाही.

सरकारी कार्यक्रमाचा आरंभ मोठ्या संकोचाने झाला. तत्कालीन आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या महात्माजींच्या अनुयायी. साधनांऐवजी दिवस मोजण्याच्या पद्धतीवर त्यांचा भर होता, व त्यासाठी काही ठिकाणी स्त्रियांस रंगीत मण्यांच्या माळा देऊन प्रयोग करण्यात आला. त्या प्रयोगास यश आले नाही. १९६५ साली लूप आली. ती बसविण्याची घाई झाली, परंतु नंतर रक्तस्राव होऊ लागल्यास बाईची विचारपूस करण्यास कोणी नव्हते, त्यामुळे तिचे नाव बदनाम झाले. १९६८ साली निरोध हे साधन तीन नगांस १५ पैसे या दराने किराणा दुकानांतही मिळू लागले. रघुनाथरावांच्या हयातीत जी वस्तू कागदात गुंडाळून चोरून द्यावी लागे ती मिठामिरचीशेजारी आली, ही सुधारणा लहान नव्हे.

परंतु हळूहळू सरकारी खात्यास एका गोष्टीचा मोह पडला. साधन वापरावयाचे तर माणसास रोज समजावून सांगावे लागते; नसबंदी एकदाच करावयाची असते व तिची गणती सोपी असते. मुंबईत रेल्वे स्थानकांवर पुरुषांच्या नसबंदीची केंद्रे निघाली. १९७१ सालच्या जुलै महिन्यात केरळातील एर्णाकुलम येथे एकाच शिबिरात ६३,४१८ पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. पैसे व भेटवस्तू देऊन माणसे आणली जात. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. शिक्षकांस, तलाठ्यांस आकडे ठरवून दिले गेले. पगार, शिधापत्रिका, बढती यांची अडवणूक झाली. पुढे शहा आयोगापुढे जी माहिती आली तीत नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद होती, आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारीही शेकड्यांनी होत्या. आमच्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती त्यास मिळाली नाही, म्हणून ते अमलात आले नाही.

रघुनाथराव हे पाहावयास नव्हते. पण ज्यांनी त्यांचा विचार समजून घेतला आहे त्यांस त्यांचे मत काय झाले असते हे सांगावयास ज्योतिषी नको. पूर्वी समाज स्त्रीपुरुषांस म्हणे की, हे साधन तुम्हांस मिळणार नाही. आता सरकार म्हणू लागले की, ही शस्त्रक्रिया तुम्हांस करून घ्यावीच लागेल. दोन्हींत ठरविणारा परकाच. मिळू न देणे आणि लादणे ही एकाच जुलमाची दोन तोंडे आहेत.

या प्रकारास लोकांनी १९७७ च्या निवडणुकीत उत्तर दिले. त्या वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्याही आत आली. कार्यक्रमाचे नाव बदलून कुटुंब कल्याण असे ठेवण्यात आले. परंतु एक विलक्षण गोष्ट घडली. पुरुषांच्या रोषाचे भय सरकारने घेतले, आणि सारा भार स्त्रियांच्या अंगावर सरकविला. वस्तुतः पुरुषांची नसबंदी ही अधिक सोपी. पोट उघडावे लागत नाही व गडी लवकर कामास लागतो. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. २०१४ सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या, आणि त्यानंतर दहाहून अधिक तरुण माता मृत्युमुखी पडल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला. तत्पूर्वी १९९६ साली केंद्र सरकारने वरून आकडे ठरवून देण्याची पद्धत सोडली होती. पण सवय कागदावरून पुसली म्हणजे माणसांतून जातेच असे नाही.

इंग्लंडचा दाखलाही या संदर्भात बोधप्रद आहे. त्या देशाने १९४८ सालच्या जुलैत सर्व नागरिकांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. दात, चष्मे, बाळंतपणे, सारे तीत आले. संततिनियमन मात्र बाहेर राहिले. प्रकृतीस धोका असलेल्या स्त्रियांपुरतीच सवलत होती. १९६७ साली कायदा होऊन स्थानिक संस्थांस सल्ला व साधने देण्याची मुभा मिळाली. १९७२ साली पुरुषांच्या नसबंदीची सोय त्यात आली. १९७४ साली ही सेवा विवाहित-अविवाहित असा भेद न करता विनामूल्य झाली. म्हणजे डॉ. स्टोप्स यांच्या केंद्रापासून ५३ वर्षे गेली. आमचे सरकार इंग्लंडच्या आधी जागे झाले, हे भूषण खरे. परंतु त्यांनी उशिरा का होईना, मागणाऱ्यास द्यावयाचे असे ठरविले. आम्ही लवकर ठरविले, पण मोजावयाचे ठरविले. हा फरक लहान दिसतो. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्यास विचारा, मग तो लहान वाटणार नाही.

रघुनाथरावांच्या स्वभावात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. त्यांची लेखणी तिखट होती. ज्यांस गोड बोलून आपल्याकडे वळविता आले असते अशांनाही त्यांनी दुखविले. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते विवस्त्र स्त्रियांची चित्रे छापीत, त्यामुळे पुष्कळ सभ्य कुटुंबांत तो अंक दारातूनच परत गेला. ज्या स्त्रियांसाठी तो लिहिलेला त्यांच्याच हाती तो पडू नये, हा त्यातला विपर्यास होय. तथापि लोकप्रियता हे ज्याचे साध्य नव्हते त्यास अप्रिय झाल्याचा दोष कितपत द्यावा, याचा वाचकांनीच विचार करावा.

आता आमच्या कुटुंबांविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात व सरकारी रुग्णालयात निरोध, गोळ्या, तांबी व नसबंदी या सेवा विनामूल्य मिळतात. २०१७ सालापासून तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शनही त्यात आले. शस्त्रक्रियेसाठी जोडीदाराची संमती लागत नाही, असे सरकारी मानकांत स्पष्ट लिहिलेले आहे. तरी पतीची सही आणा असे सांगून बाईस परत पाठविल्याचे प्रकार आमच्या कानी येतात. सासूबाईंचा होकार हा तर कोणत्याही नियमात नाही. पण प्रत्यक्षात पुष्कळ घरांत तोच पहिला अर्ज असतो. दुसऱ्या बाजूने, त्याच मानकांत निदान एक अपत्य असल्याखेरीज ही शस्त्रक्रिया करू नये अशी अट आहे. म्हणजे रघुनाथराव व मालतीबाई हे दांपत्य आज सरकारी दवाखान्यात जाते, तर विचारपूर्वक निपुत्रिक राहू इच्छिणाऱ्या त्या दोघांस तेथूनही रिकाम्या हाती परतावे लागले असते.

ज्या घरात सुनेस पहिल्या मुलानंतर दुसरे केव्हा, हे विचारले जाते, पण तुझी इच्छा काय, हे विचारले जात नाही. ज्या घरात ऑपरेशन म्हटले की सून पुढे होते व मुलगा वर्तमानपत्र वाचीत बसतो. ज्या घरात मुलीच्या लग्नात दागिन्यांची यादी होते, पण या विषयाची दोन वाक्ये आई तिच्याशी बोलत नाही. त्या घरांपर्यंत १९२१ साल अद्याप पोहोचावयाचे आहे. सरकारने काय करावे हे सांगण्याचा अधिकार आपणा सर्वांस आहेच व तो आपण बजवावा. पण आपल्या घरातले आरोग्य केंद्र चालविण्याचे काम सरकारचे नव्हे. तेथे औषध एकच लागते, आणि ते म्हणजे विचारणे व ऐकून घेणे. मुलाने आपल्या वाट्याची जबाबदारी घ्यावी, मुलीने आपला निर्णय मोकळेपणी सांगावा, व वडीलधाऱ्यांनी तो मानावा, एवढे जरी आमच्या सभासद कुटुंबांत घडले, तरी शंभर आणि दोनशे रुपयांचा तो दंड वाया गेला नाही असे म्हणता येईल.

पुतळे उभारून फिटावे असे रघुनाथरावांचे ऋण नाही. ते घरात बसून फेडावयाचे आहे. त्यांच्या स्मृतीस आमचे सादर प्रणाम.